दांताची टोपी आणि मुखांतील पूल

“दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत,” या म्हणींत महाराष्ट्रांतील अनेक पिढ्यांची एक हताश समजूत सांठविलेली आहे. चणे मिळणें जसें दैवाधीन, तसेंच दांत टिकणेंहि दैवाधीन. मनुष्यानें त्यांत करावयाचें कांहीं नाहीं, असा तिचा भाव. चण्यांचें काय तें असो. दांतांच्या बाबतींत मात्र ही समजूत आतां खरी राहिलेली नाहीं. किडून पोखरलेला, झिजून खुजा झालेला किंवा अपघातानें अर्धा उडालेला दांत टोपी चढवून पुन्हां कामाला लावतां येतो. मुळासकट गेलेल्या दांताची रिकामी जागा शेजारच्या दांतांवर पूल टाकून भरून काढतां येते. दंतवैद्य ज्यांना ‘क्राउन’ आणि ‘ब्रिज’ म्हणतात, आणि घरोघरीं ज्यांना ‘कॅप’ व ‘फिक्स दांत’ या नांवांनीं ओळखतात, तीं हींच दोन साधनें.

नांवें ओळखीचीं असलीं तरी त्यांच्याविषयींच्या कल्पना मात्र धूसर आहेत. कोणी म्हणतो, टोपी ही श्रीमंतांची हौस. कोणी समजतो, एकदां टोपी बसली कीं दांत अमर झाला. आणि पुष्कळ लोक दाढ दुखूं लागली कीं “काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल” असें सांगून मोकळे होतात. या तिन्ही समजुती महाग पडतात. आणि तिसरी सर्वांत महाग पडते, कारण प्रथमदर्शनीं ती सर्वांत स्वस्त दिसते.

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी-तळवड्यावरून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यांत हा विषय समजावून देणें फारसें अवघड नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६० नंतरच्या दशकांत मोटारींचे व स्कूटरींचे मोठे कारखाने पिंपरी-आकुर्डीस उभे राहिले. १९७० सालीं येथें नगरपालिका आली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली. आणि कांद्याच्या बाजारासाठीं व संग्रामदुर्गासाठीं प्रसिद्ध असलेलें चाकण पाहतां पाहतां मोटारींचें गांव बनलें. या पट्ट्यांतील कितीतरी घरांत कोणी सांचा बनविणारा आहे, कोणी ओतकाम करणारा, कोणी मिलिंग यंत्र चालविणारा, तर कोणी मायक्रॉनचा हिशेब ठेवणारा. दांताची टोपी याच विद्यांनीं तयार होते. ओतकाम, धातूच्या आकुंचनाचा अंदाज, बसवणुकीची अचूकता, तुळईवर पडणारा भार, सारें तेंच आहे.

फरक एकच आहे, परंतु तो मोठा आहे. यंत्राचा सुटा भाग निर्जीव धातूवर बसतो. टोपी जिवंत दांतावर बसते. सुटा भाग बिघडला तर दुसरा मागवितां येतो. दांताचा जो अंश एकदां कापला गेला, तो पुन्हां उगवत नाहीं. टोपी केव्हां घालावी, पूल केव्हां टाकावा आणि केव्हां दोन्ही टाळावींत, याचा सर्व विचार या एका गोष्टींतून निघतो.

दांत दिसतो तितका साधा नाहीं. हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागावर एनॅमलचें कवच असतें. शरीरांत याहून कठीण पदार्थ नाहीं. वजनाच्या मानानें त्याचा सुमारे ९६ टक्के भाग निव्वळ खनिज आहे. परंतु हें कवच एकदां फुटलें कीं शरीर तें पुन्हां बांधूं शकत नाहीं, कारण तें घडविणाऱ्या पेशी दांत उगवतांनाच नाहींशा होतात. कवचाखालीं डेंटिनचा हाडासारखा, किंचित् लवचिक थर असतो. आणि त्याच्या पोटांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांनीं भरलेला नाजूक मगज असतो. दांताचें मूळ जबड्याच्या हाडांत असतें, पण तें खिळ्यासारखें ठोकलेलें नसतें. मूळ आणि हाड यांच्यामध्यें सूक्ष्म तंतूंची एक अस्तरी असते, आणि दांत त्या तंतूंवर जणुं झोळींत टांगलेला असतो. भाकरींत खडा लागतांच मनुष्य झटकन चावणें थांबवितो, तें या तंतूंच्या जाणिवेमुळें. निरोगी तरुण मनुष्यानें पूर्ण जोरानें चावलें तर दाढांवर ५० ते ७० किलो वजनाइतका दाब पडूं शकतो. हा दाब जन्मभर सोसण्यासाठीं निसर्गानें ही व्यवस्था केली आहे.

आतां एक कल्पित, पण नित्य घडणारें उदाहरण घ्यावें. चाकणच्या एखाद्या कारखान्यांत पाळीनें काम करणारा पस्तीस वर्षांचा एक कामगार आहे. त्याच्या खालच्या जबड्यांतील पहिली मोठी दाढ किडलेली आहे. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते; पुष्कळ घरांत ती दुधाची समजली जाते, आणि म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. रात्रपाळींत डोळा लागूं नये म्हणून दर दोन तासांनीं घेतलेला गोड चहा, आणि पाळी संपल्यावर दांत न घासतां गाठलेलें अंथरूण, यांनीं कीड वाढत गेली. ती मगजापर्यंत पोंचली तेव्हां एका रात्रीं ठणका सुरू झाला. औषधाच्या दुकानांतून गोळ्या आणल्या, ठणका थांबला. कांहीं महिन्यांनीं गाल सुजला. पुन्हां गोळ्या आणल्या.

येथें थांबून गोळ्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. दाढेचा पू गळ्यांत उतरून माणसें दगावत, असा एक काळ होता. पिंपरीच्या कारखान्यांत १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊं लागलें, तेव्हां देशाच्या दृष्टीनें तें एक मोठें पाऊल होतें. या जातीच्या औषधांनीं तें भय पुष्कळ कमी केलें. परंतु औषध रक्तावाटे जातें, आणि मेलेल्या मगजांत रक्तच जात नाहीं. म्हणून गोळ्यांनीं सूज उतरते, पसरलेलें विष आवरतें. मूळ कारण मात्र दांताच्या पोटांत तसेंच राहतें. ठणका थांबणें म्हणजे दुखणें बरें होणें नव्हे. पुष्कळदां त्याचा अर्थ मगज मेला एवढाच असतो.

शेवटीं तो कामगार दंतवैद्याकडे जातो आणि म्हणतो, “डॉक्टरसाहेब, काढूनच टाका. एक दाढ गेली तर कुठें काय बिघडतें?”

“काढायला फार वेळ लागत नाहीं हो,” दंतवैद्य म्हणतात, “पण तिच्या जागीं दुसरी बसवायला काय लागतें, तें आधीं ऐकून घ्या.”

काय बिघडतें, तें खरोखरच ऐकण्यासारखें आहे. दांतांची ओळ ही परस्परांच्या आधारानें उभी असते. मधली दाढ निघाली कीं मागची दाढ हळुहळू पुढें कलूं लागते. वरच्या जबड्यांतील समोरच्या दाढेला खालून अडविणारें कोणी उरत नाहीं. ती खालीं उतरूं लागते. कललेल्या दाढेच्या कुशींत अन्न अडकतें, तेथें हिरडी सुजते व नवी कीड लागते. ज्या हाडांत मूळ होतें, तें हाड काम नाहींसें झाल्यामुळें झिजून खचतें. मनुष्य दुसऱ्या बाजूनें चावूं लागतो, आणि त्या बाजूचे दांत दुप्पट राबतात. हें सर्व इतक्या सावकाश घडतें कीं पांच-सात वर्षांनीं दुसरी दाढ दुखूं लागली, तर तिचा संबंध पहिल्या दाढेशीं जोडणें कोणाला सुचत नाहीं.

यावरून पहिला नियम निघतो: दांताचें मूळ शाबूत असेल, आणि हाडानें त्याला घट्ट धरलें असेल, तर दांत राखावा. मगज मेला असला तरी मूळ निरुपयोगी होत नाहीं. रूट कॅनॉलच्या उपचारांत मेलेला मगज काढून टाकतात, आंतील नळ्या निर्जंतुक करून रबरासारख्या पदार्थानें बंद करतात, आणि दांत जागच्या जागीं राहतो. पण किडीनें आणि उपचारानें तो आंतून पोकळ झालेला असतो. त्याच्या उरलेल्या भिंती चावण्याच्या दाबाखालीं फाकण्याचा आणि चिरण्याचा संभव असतो. अशा दाढेला चारी बाजूंनीं कवळून धरणारें आवरण हवें; तेंच टोपी. लांकडी पिंपाला लोखंडी कडी आवळतात, त्यांतला हेतु आणि येथला हेतु एकच. टोपी ही दाढेच्या बाबतींत शोभा नसून बंदिस्ती आहे.

टोपी बसविण्यासाठीं प्रथम दांत सर्व बाजूंनीं तासावा लागतो, कारण टोपीला स्वतःची जाडी असते. चावण्याच्या पृष्ठभागावर साधारणतः दीड ते दोन मिलिमीटर आणि बाजूंनीं त्याहून थोडें कमी, इतका भाग जातो. तासलेला दांत वरच्या अंगाला किंचित् निमुळता ठेवतात. फार निमुळता झाला तर टोपी निसटते, आणि मुळींच निमुळता नसला तर ती खालीं उतरत नाहीं. पाचर आणि दट्ट्या यांचें काम जाणणाऱ्याला हें वेगळें सांगावयास नको. मग दांताचें माप घेतात. पूर्वीं तें सर्वत्र लगद्यासारख्या पदार्थांत उमटवून घेत. आतां कांहीं ठिकाणीं तोंडांत लहानसा कॅमेरा फिरवून संगणकावर घेतात. टोपी तयार होईपर्यंत तात्पुरती टोपी बसवितात, म्हणजे तासलेला दांत उघडा राहत नाहीं व सरकत नाहीं.

तयार करण्याच्या विद्येला मोठा इतिहास आहे. इसवी सनापूर्वीं सातव्या शतकाच्या सुमारास इटलींतील एट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्ट्यांनीं दांत शेजारच्या दांतांना बांधीत; पुलाची ती पहिली ओबडधोबड कल्पना होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील चार्ल्स लँड यानें चिनी मातीची, म्हणजे पोर्सेलीनची, टोपी प्रचारांत आणली. अटलांटिक महासागर एकट्यानें विमानानें ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा याच लँडच्या मुलीचा मुलगा. १९०७ सालीं विल्यम टॅगर्ट यानें मेणाच्या सांच्यावरून सोन्याचे अचूक ओतीव तुकडे दांतांसाठीं करण्याची रीत दाखविली. दांताच्या आकाराचा मेणाचा नमुना करावयाचा, त्याभोंवतीं मातीसारखें द्रव्य लावावयाचें, तापवून मेण वितळवून टाकावयाचें, आणि त्या पोकळींत धातु ओतावयाचा. ही रीत भारताला अनोळखी नव्हती. संस्कृतांत तिला ‘मधूच्छिष्ट विधान’ म्हणतात; मधूच्छिष्ट म्हणजे मधमाशांचें मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मूर्ति ओतण्याच्या या विधीचें वर्णन आहे. ज्या विधीनें देवाची मूर्ति घडली, त्याच विधीनें दाढेची टोपी घडूं लागली.

१९६० नंतर धातूच्या टोपीवर पोर्सेलीनचा थर भाजून बसविण्याची रीत रूढ झाली. आंतून धातूचें बळ, बाहेरून दांताचा रंग. अलीकडे झिर्कोनिया या अतिशय चिवट पांढऱ्या द्रव्याच्या टोप्या पुष्कळ वापरांत आल्या आहेत. १९८५ सालीं झूरिच येथें संगणकानें कातलेला पहिला तुकडा रुग्णाच्या दांतांत बसला, आणि तेव्हांपासून हें काम ओतशाळेंतून मिलिंग यंत्राकडे सरकत गेलें. झिर्कोनियाचा ठोकळा प्रथम खडूसारखा मऊ असतो. त्या अवस्थेंत टोपी कातून घेतात, आणि नंतर सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टींत भाजतात. भाजतांना ती प्रत्येक दिशेनें जवळजवळ एक-पंचमांशानें आकसते. म्हणून यंत्र ती आधींच त्या हिशेबानें मोठी कातून ठेवतें. ओतकामाचा नमुना आकुंचनापुरता मोठा धरणाऱ्या भोसरीच्या कारागिराला यांत नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें अचूकतेचें. टोपीची कड आणि दांत यांमधील फट साधारण १२० मायक्रॉनपर्यंत चालते, असें मानलें जातें. म्हणजे केसाच्या जाडीच्या दुपटीहून ती फार मोठी नसावी. फट याहून रुंद राहिली तर टोपीखालून कीड शिरते, आणि बाहेरून सर्व कांहीं चकचकीत दिसत असतां आंतील दांत कुजत जातो.

म्हणून टोपी घातली कीं दांत अमर झाला, ही समजूत चुकीची आहे. टोपीला कीड लागत नाहीं. टोपीखालच्या दांताला लागते. शिवाय जिवंत दांत तासतांना मगजाला धक्का बसतो, आणि कांहीं दांतांचा मगज पुढें कित्येक वर्षांनीं मरतो. दांताचा थोडाच भाग किडला असेल आणि साध्या भरणीनें काम भागत असेल, तर केवळ शुभ्र दिसावा म्हणून निरोगी दांत टोपीसाठीं तासून घेणें हा व्यवहार तोट्याचा आहे. लग्नसराईच्या तोंडावर पुढचे चार दांत एकदम तासून टोप्या चढवून घेणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

पण त्या कामगारानें आधींच दाढ काढली असेल तर? अशा वेळीं पूल पुढें येतो. रिकाम्या जागेच्या पुढचा आणि मागचा, असे दोन दांत टोपीसाठीं तासतात. त्या दोन टोप्या आणि त्यांच्यामधला खोटा दांत हे एकसंध तयार करून सिमेंटनें बसवितात. दोन खांब आणि मधला गाळा, असें त्याचें स्वरूप. पवनेवर किंवा इंद्रायणीवर पूल बांधतांना स्थापत्यकार जे प्रश्न विचारतो, तेच येथेंहि विचारावे लागतात. खांबांचा पाया किती खोल आहे? गाळा किती लांब आहे? वर भार किती येणार?

१९२६ सालीं अँटे नांवाच्या दंतवैद्यानें यासाठीं एक नियम सांगितला. आधाराच्या दांतांच्या मुळांचें हाडांतील एकूण क्षेत्रफळ हें गेलेल्या दांतांच्या मुळांच्या क्षेत्रफळाइतकें किंवा त्याहून अधिक असावें. पुढील अनुभवानें हा नियम कांहींसा सैल झाला आहे, तरी त्यांतील शहाणपण कायम आहे. खचलेल्या हिरडीतील हलणारे दांत खांब होऊं शकत नाहींत. दुसरा नियम तुळईचा. गाळ्याची लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच भाराखालीं त्याचा वांक आठपट होतो. जाडी निम्मी केली तरीहि आठपट होतो. म्हणून एका दाढेचा पूल बहुधा सुखानें चालतो, दोन दाढांच्या पुलाला विचार करावा लागतो, आणि तीन सलग दाढांची जागा भरून काढण्यास पूल हा बहुधा योग्य मार्ग नसतो. शेवटचीच दाढ गेली असेल तर मागें खांबच मिळत नाहीं. तेथें नेहमींचा पूल होत नाहीं.

पुलाचा खरा खर्च रुपयांत नाहीं. एका गेलेल्या दाढेसाठीं दोन शेजारी तासावे लागतात, आणि ते निरोगी असले तर हा त्याग मोठा ठरतो. ते आधींच किडलेले वा भरलेले असतील, आणि त्यांना नाहींतरी टोपी लागणारच असेल, तर पूल उत्तम. समोरच्या एका दांतासाठीं कधीं कधीं शेजारच्या दांताच्या पाठीला पातळ पंख चिकटवून पूल बसवितां येतो. त्यांत तासणें अगदीं थोडें असतें. जबड्याची वाढ पुरी न झालेल्या मुलामुलींना हा उपाय फार सोयीचा पडतो.

शेजारी न तासतां जागा भरण्याचा तिसरा मार्ग म्हणजे हाडांत बसविलेला टायटॅनियमचा खुंट. स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांना असें आढळलें होतें कीं टायटॅनियम आणि जिवंत हाड यांची पक्की जोड होते. १९६५ मध्यें त्यांनीं पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. आज त्याला ‘इंप्लांट’ म्हणून सर्वजण ओळखतात. निरोगी शेजाऱ्यांमधील एका रिकाम्या जागेसाठीं हा मार्ग अनेकदां सर्वांत चांगला. मात्र तो महाग आहे, त्याला पुरेसें हाड लागतें, आणि धूम्रपान करणारांत व मधुमेह काबूंत नसलेल्यांत तो फसण्याचा संभव अधिक. पैशाची अडचण असेल तर काढघाल करतां येणारी लहान कवळी आहेच. ती कमी सुखाची, पण तीहि शेजारच्या दांतांना कलूं न देण्याचें काम कांहीं अंशीं करते. कांहींच न करण्यापेक्षां ती बरी.

या पट्ट्यांत कांहीं गोष्टींकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे. पहिली तंबाखू. खेड्यापाड्यांतून कामासाठीं आलेल्या कित्येक घरांत आई-आजी अजून मिश्रीनें दांत घासतात, आणि कारखान्यांतील पोरें गुटखा तोंडांत धरतात. गुटख्यावर महाराष्ट्रानें २०१२ सालीं बंदी घातली, पण संवय बंदीनें जात नाहीं. गुटख्यांतील सुपारीनें गालाचें आंतील अस्तर आंबळून घट्ट होतें आणि तोंड उघडेनासें होतें. दोन बोटेंहि आंत जात नाहींत अशा तोंडांत मागच्या दाढेवर टोपी बसवावी तरी कशी? आणि टोपीची चिंता त्या वेळीं गौणच असते, कारण ही अवस्था पुढें कर्करोगाकडे जाऊं शकते.

दुसरी गोष्ट दुचाकी. पुणें-नाशिक रस्त्यावर पडून पुढचा दांत मुळासकट निघाला, तर तो फेंकून देऊं नये. मुळाला हात न लावतां वरच्या भागानें धरून, मळ असल्यास क्षणभर धुवून, तो त्याच जागीं बसवावा; तें न साधल्यास दुधांत टाकून तासाभराच्या आंत, शक्य तर त्याहून आधीं, दंतवैद्याकडे पोंचावें. कित्येकदां दांत पुन्हां रुजतो आणि पुलाची गरजच पडत नाहीं. मुलाचा दुधाचा दांत मात्र असा परत बसवूं नये. तिसरी गोष्ट झोपेंत दांत खाण्याची. ज्यांना ती खोड आहे, त्यांनीं टोपी घालण्यापूर्वींच दंतवैद्याला तसें सांगावें, म्हणजे द्रव्याची निवड आणि रात्रीं घालावयाची पट्टी यांचा विचार करतां येतो.

आतां, जावें कोणाकडे? मुंबईंत नायर दंतमहाविद्यालय १९३३ सालीं निघालें, तेव्हां पिंपरी हें एक लहान गांव होतें. आज पिंपरीच्याच संत तुकारामनगरांत महापालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे, त्याच भागांत डॉ. डी. वाय. पाटील दंतमहाविद्यालय आहे, आणि चिंचवडच्या मोहननगरांत कामगार विमा रुग्णालय आहे. दंतमहाविद्यालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखालीं काम करतात. खेपा अधिक पडतात, पण खर्च सामान्यतः खाजगी दवाखान्यापेक्षां कमी येतो. १९४८ च्या कायद्यापासून दंतवैद्याला नोंदणी आवश्यक झाली, तरीहि रस्त्याकडेला बसून तारेनें व प्लास्टिकनें ‘फिक्स दांत’ बसवून देणारे आढळतात. तो दांत काढतां येत नाहीं, त्याच्याखालीं अन्न कुजतें, आणि तो आपल्याबरोबर शेजारचे चांगले दांतहि घेऊन जातो.

पूल किंवा टोपी बसल्यावर खरी जबाबदारी घरची. अनेक पाहण्यांचा एकत्रित हिशेब असें सांगतो कीं दहा वर्षांनंतर दहांपैकीं जवळजवळ नऊ पूल जागेवर असतात. जे जातात, त्यांत आधाराच्या दांताला कीड लागणें हें एक मुख्य कारण असतें. खोट्या दांताच्या खालून रोज बारीक ब्रश किंवा जाड दोरा फिरवून अन्नाचे कण काढले पाहिजेत. वरून घासून ते निघत नाहींत. रात्रीं निजण्यापूर्वीं घासणें सकाळच्या घासण्याहून महत्त्वाचें. पाळीच्या कामगारानें ‘रात्र’ म्हणजे आपल्या झोपेची वेळ समजावी. वर्षांतून एकदां तरी दंतवैद्याकडून कडा तपासून घ्याव्यात.

दंतवैद्यापुढें बसतांना चार प्रश्न या क्रमानें विचारावेत. हा दांत राखतां येईल काय? राखतां आला तर साध्या भरणीनें भागेल, कीं टोपीच हवी? दांत गेलाच असेल तर पुलासाठीं शेजारचे किती निरोगी दांत तासावे लागतील? आणि त्यांना हात न लावण्याचा दुसरा मार्ग आहे काय? उत्तरें पटलीं, कीं मग किंमत विचारावी.

आणि ज्या घरांत सहा-सात वर्षांचें मूल आहे, त्या घरांतील वडील माणसांनीं आज रात्रीं दिव्याच्या उजेडांत त्याचें तोंड उघडून पहावें. खालच्या जबड्यांत सर्वांत मागें नवी, रुंद माथ्याची दाढ आलेली दिसेल. ती दुधाची नव्हे. ती पडून दुसरी येणार नाहीं. तिच्या खांचा आजपासून नीट घासल्या, तर त्या मुलाला पुढें टोपीचीहि गरज पडणार नाहीं आणि पुलाचीहि नाहीं.